जेवलास का, असं डॉक्टरला कोण विचारणार?

(उदगीर येथे संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात एका डॉक्टर भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



दरवर्षी या मेळाव्यात आपण आकडे ऐकतो. किती रुग्ण तपासले, किती बाळंतपणं झाली, किती मुलं वसतिगृहात आहेत. ते आकडे अहवालात छापलेले आहेत आणि ते वाचून आपण देवाचे आभार मानतो. आज मी त्या आकड्यांच्या अलीकडे बसलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. म्हणजे ज्याने ते रुग्ण तपासले त्याच्याबद्दल.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकरा वाजता माझा फोन वाजला. किनवटच्या पुढे, जंगलपट्ट्यात काम करणारा आपला एक तरुण डॉक्टर. उदगीरहून निघालं तर नांदेड, भोकर, हिमायतनगर करत तिथे पोहोचेपर्यंत दिवस जातो. कोलामांच्या एका पोडावरून एक बाई बाजेवर घालून चौघांनी उचलून आणली होती. घरीच बाळंत झालेली, तिसरी खेप, अंगात रक्त आधीच कमी, आणि रक्तस्राव थांबेना. त्याने गर्भाशय आकसण्याची इंजेक्शनं दिली, पोट चोळत राहिला, दोन्ही हातांना सलाइन लावलं, १०८ ला फोन केला. नाल्याला पाणी होतं. गाडी पोहोचायला वेळ लागला. तोही गाडीत चढला. बाई रस्त्यातच गेली. बाळ वाचलं.

परत येऊन त्याने स्वतःचे कपडे धुतले आणि मला फोन केला.

“मॅडम, बाई गेली.” थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “मी मारलं तिला.”

मी पस्तीस वर्षं या धंद्यात आहे. अशा वेळी “असं नाही रे, तू सगळं केलंस” हे वाक्य तोंडावर येतं. पण ते त्याच्या कानात शिरणार नव्हतं. मी विचारलं, “जेवलास का?”

“नाही.”

“सकाळपासून?”

“चहा घेतला होता.”

“सिस्टर जाग्या आहेत?”

“आहेत. त्याही रडतायत.”

“त्यांना फोन दे.” सिस्टरांना म्हटलं, “बाई, दोघांपुरता भात टाका. सोबत काय असेल ते. आणि तुम्हीही त्याच्याबरोबर बसून जेवा.” त्याला म्हटलं, “फोन ठेवू नकोस. भात होईपर्यंत मी इथेच आहे. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नको.” तो बोलला नाही. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मी ऐकत होते. जेवण झाल्यावर तो तासभर बोलला. एक वाजून गेल्यावर झोपला. सकाळी पुन्हा ओपीडीत बसला.

तुम्ही पवित्र शास्त्र वाचणारी माणसं आहात, तेव्हा तुमच्या लक्षात आलंच असेल की हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. पहिल्या राजांच्या पुस्तकात एकोणिसावा अध्याय काढा. एलिया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झालेला, आणि त्यानंतर हा माणूस रानात रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय. मी एकटाच उरलो, हे त्याचं गाऱ्हाणं. देवाने त्याला काय केलं? आधी उपदेश केला नाही. विश्वास कमी पडला म्हणून रागावला नाही. दूत पाठवला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाण्याचं भांडं दिलं, आणि झोपू दिलं. उठवून पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर. आणि त्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. एक, तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत. दुसरी, जा आणि अलीशाला सोबत घे. म्हणजे भाकर, झोप आणि सोबती. थकलेल्या सेवकावर देवाने केलेला हा इलाज आहे.

आता माझी गोष्ट. ती या मंडळीत मी पहिल्यांदाच सांगते आहे.

मी तरुण असताना एका दुर्गम दवाखान्यात एकटी होते. जून-जुलैची रात्र. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली. पोट दुखतंय म्हणाली. ताप नाही, जुलाब नाहीत, अंगावर कुठे खूण नाही. मी पोटाचं औषध दिलं आणि सकाळी पुन्हा आणायला सांगितलं. सकाळी त्यांनी आणलं तेव्हा पोराचा श्वास बंद झालेला होता. मण्यार चावली होती. आमच्या भागात सगळ्यांना माहीत असायला हवं, म्हणून सांगते: मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, दातांची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. वेळेत ओळखलं तर सर्पदंशाची लस देऊन आणि श्वास चालू ठेवून माणूस वाचू शकतो. मी ओळखलं नाही.

त्या आईने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “डॉक्टरीनबाई, तुम्ही तरी काय करणार.” अकरा वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. प्रार्थनेत देवाला सांगितलं, पण तेही पुटपुटत. झोप गेली. रुग्णांवर चिडायला लागले. एक वेळ अशी आली की पोटदुखीचं मूल आलं की माझे हात गार पडायचे. बाहेरून सगळं ठीक. याच मंडळीने माझा शाल देऊन सत्कार केला, तो त्याच काळातला.

शेवटी एका शिबिरात रात्री जेवणानंतर आम्ही सहा-सात डॉक्टर गच्चीवर बसलो होतो. एका वयस्क सर्जनांनी सहज आपली चूक सांगितली. टेबलावर दगावलेला रुग्ण, वीस वर्षांपूर्वीचा. मग दुसऱ्याने सांगितली. तिसरी मी. कुणी सल्ला दिला नाही, कुणी हळहळलं नाही. एकाने फक्त विचारलं, “मुलाचं नाव आठवतं?” मी म्हटलं, आठवतं. आणि मी रडले. त्या रात्री अकरा वर्षांनी पहिल्यांदा मी सलग झोपले.

या गोष्टीचा जगात लोकांनी अभ्यास केलेला आहे. मूळचे हंगेरीचे डॉक्टर मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये साध्या, गल्लीतल्या डॉक्टरांचे गट सुरू केले. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकाने आपल्याला छळणारा एक रुग्ण मांडायचा. २००० साली अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी वैद्यकीय चुकीनंतर आतून कोसळणाऱ्या डॉक्टराला ‘दुसरा बळी’ म्हटलं. मला तो शब्द पुरता पटत नाही. पहिलं दुःख त्या घराचं, त्या आईचं, आणि त्यांच्या शेजारी बसण्याचा हक्क आपण मागू नये. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. कोसळलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णासमोर बसतो, आणि तो रुग्ण तुमच्या-माझ्या घरातला असतो.

आणि हे फक्त परदेशात घडतं असं नाही. आपल्याच विश्वासातलं एक जोडपं आठवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरला शिकले, वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबले आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. कित्येकींना अक्षर येत नव्हतं, कित्येकी दलित घरांतल्या. लोक त्यांचं शिकवणं सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत आणि आपापल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत. कुणाचं मूल वाचलं, कुणाचं गेलं, सरपंच काय बोलला, सासू काय बोलली. शिक्षण तिथेच व्हायचं आणि धीरही तिथेच मिळायचा. एकटीला गावात उभं राहणं अवघड. आठवड्याने आपल्या बायकांत परत जायचं आहे, हे माहीत असलेली बाई उभी राहते.

चार वर्षांपूर्वी आम्ही तसंच काहीतरी आमच्यापुरतं सुरू केलं. महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री आठला, फोनवर. आम्ही नऊजण आहोत. लातूर, नांदेड, किनवट आणि पलीकडे तेलंगणात एक. सगळे ख्रिस्ती नाहीत. एकजण हिंदू, एकजण मुसलमान, एकीचा देवावर विश्वासच नाही, पण शनिवार ती चुकवत नाही. किनवटकडच्या आमच्या पोराला नेटवर्कसाठी टाकीवर चढावं लागतं. पावसाळ्यात छत्री घेऊन चढतो.

नियम चारच आहेत. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. इथलं बोलणं संस्थेच्या कार्यालयात किंवा वरिष्ठांकडे जाणार नाही. आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा: कुणी जिवावर उदार झाल्यासारखं बोलला तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे सोबत जायचं. आम्ही सोबती आहोत, इलाज करणारे नाही. तो फरक आम्ही विसरत नाही. सुरुवातीला प्रत्येकाने एकच सांगायचं: या आठवड्यात झोप किती झाली. तेवढ्यावरून निम्मं कळतं.

एका भावाने मला विचारलं, डॉक्टरांनी असं एकमेकांना गोंजारलं तर चुका झाकल्या जाणार नाहीत का? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की चुकीचा जाब वेगळा आणि माणसाची विचारपूस वेगळी. त्या बाईच्या मृत्यूची चौकशी झाली. प्रत्येक मातामृत्यूची व्हायलाच हवी. आमचा डॉक्टर त्या पोडावर गेला, बाईच्या नवऱ्यासमोर बसला, काय काय झालं ते त्याने स्वतः सांगितलं. ते करण्याचं बळ त्याला कुठून आलं? ज्याला मन मोकळं करायला जागा नाही, तोच कागद बदलतो, तोंड चुकवतो. माझ्या मण्यारीचंच बघा. अकरा वर्षं मी गप्प राहिले, म्हणजे अकरा वर्षं माझी चूक दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडली नाही. आज आमच्या गटातला प्रत्येकजण रात्रीच्या पोटदुखीला आधी पापण्या बघतो, आणि तू कुठे झोपला होतास म्हणून विचारतो.

पण नुसतं बोलून सगळं सुटतं, असं सांगितलं तर मी खोटी ठरेन. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यांत नवजात बाळंही होती. देशभर बातम्या झाल्या. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण एका लोकप्रतिनिधीने तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं, ते दृश्यही सगळ्यांनी पाहिलं. मी त्या दिवशी विचार केला, आज रात्री तिथला निवासी डॉक्टर ड्यूटीवर जाताना काय घेऊन जाईल? माणसं अपुरी, औषधं अपुरी, त्यावर अपमान. तिथे गोल बसून बोलणं पुरत नाही. मोशेचा सासरा इथ्रो आठवा. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला पाहून तो म्हणाला की हे बरं नव्हे, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. आणि नुसता धीर देऊन तो गेला नाही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, असं त्याने सांगितलं. धीरही हवा आणि माणसंही हवीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ च्या अहवालात शिकाऊ निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको आणि रोज सात-आठ तास झोप हवी, असं सुचवलं. चौऱ्याहत्तर तास ही सवलत वाटावी, यातच सगळं आलं.

आता आपल्या संस्थेच्या अगदी जवळचा विषय. आपल्या वसतिगृहातल्या मुली शिकून डॉक्टर व्हाव्यात अशी आपण प्रार्थना करतो. जळगावच्या डॉ. पायल तडवी तुम्हाला आठवत असतील. तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवलं. वय अवघं सव्वीस. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, असा आरोप घरच्यांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्याय न्यायालय करील. मी आपल्यापुरतं बोलते. पाड्यावरून, पोडावरून आलेली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात जाते तेव्हा आपण हार घालतो, फोटो काढतो, बातमीपत्रात छापतो. पुढे? तिथे तिला जे ऐकावं लागतं ते ती कुणाला सांगणार? घरच्यांना सांगितलं तर ते म्हणतील परत ये. आपल्याला सांगितलं तर तिला वाटेल, यांनी पैसे दिले, यांना कसं सांगू. तिला एखादी मोठी बहीण हवी. जी त्याच वाटेने गेली आहे आणि जिचे आपल्यावर काही उपकार नाहीत अशी.

म्हणून आज मी तुमच्याकडे चार गोष्टी मागायला आले आहे.

पहिली. आम्हाला देवदूत म्हणू नका. प्रेमाने म्हणता, मला कळतं. पण देवदूताला थकलो म्हणता येत नाही, चुकलो म्हणता येत नाही. सत्काराच्या शालीखाली मी अकरा वर्षं गप्प बसले, ते तुमच्या कौतुकाला तडा जाऊ नये म्हणूनसुद्धा. आम्हाला माणूस राहू द्या.

दुसरी. पत्र लिहिता, फोन करता तेव्हा “काम कसं चाललंय” हे नंतर विचारा. आधी विचारा, जेवलास का, झोपतोस का, घरी कधी जाऊन आलास. आणि उत्तर ऐकायला थांबा.

तिसरी पैशाची. दर तीन महिन्यांनी प्रत्येक डॉक्टर आणि सिस्टरला आठ दिवस खाली येता यावं, यासाठी त्यांच्या जागी बसणारा बदली डॉक्टर आणि बदली नर्स लागेल. आज तसं कुणी नाही. म्हणून सुट्टी कागदावर आहे आणि माणूस तिथेच आहे. मला माहीत आहे, या खर्चाची पाटी भिंतीवर लावता येत नाही. खोली बांधली तर आई-वडिलांच्या स्मरणार्थ नाव कोरता येतं. कुणाच्या आठ दिवसांच्या झोपेवर नाव कुठे कोरणार? तरी मागते आहे. किनवटच्या आमच्या पोराने दोनदा राजीनामा लिहिला आहे. दोन्ही वेळा शनिवारी वाचून दाखवला आणि फाडला. तिसऱ्यांदा फाडेलच असं मी सांगू शकत नाही. तो गेला तर त्या पट्ट्यातल्या पोडांना रात्री बाज उचलून न्यायला जवळ दुसरं ठिकाण नाही.

चौथी. आपल्या शिष्यवृत्तीतून शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एक मोठा डॉक्टर किंवा एक मोठी नर्स सोबती म्हणून जोडून द्या. याला पैसे लागत नाहीत. या सभागृहातच तीन सिस्टर बसल्या आहेत, निवृत्त झालेल्या. त्यांनी हात वर केला तरी आज सुरुवात होईल.

आणि जाता जाता सगळ्यांसाठी. हे फक्त डॉक्टरांचं नाही. तुमच्या घरात शिक्षक असेल, शेतकरी असेल, पाळकसाहेब स्वतः असतील. मन फार खचलं, नको ते विचार यायला लागले तर सरकारचा टेली-मानस हा मोफत फोन आहे, १४४१६, रात्री-अपरात्री कधीही. मराठीत बोलता येतं. त्यावर फोन करणं म्हणजे विश्वास उणा पडला असं नाही. एलियाचा विश्वास उणा नव्हता. तो थकला होता.

त्या बाईचं बाळ आता आजीजवळ आहे. आमचा डॉक्टर आठवड्याला त्याचं वजन करायला पोडावर जातो. गेल्या शनिवारी म्हणाला, “मॅडम, आजीने मला भाकर खायला बसवलं. म्हणाली, तू वाळलास.” आम्ही नऊजण फोनवर हसलो.

त्या आजीला जे सुचलं ते आपल्यालाही सुचावं, एवढीच प्रार्थना. प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.